विमानाच्या स्टीलची सुरी

सत्यजीत कोहकडेला सुरीची काही गरज नव्हती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढचं सगळं ऐकून कुणीतरी हळहळेल, की बिचाऱ्याची नड असेल. नड-बिड काही नाही. गडी रांजणगावला एका कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला, म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तूंना नावं ठेवायचा पगार घेणारा, आणि राहायला शिरूरला, तिसऱ्या मजल्यावर. तिथं कापण्यासारखी गोष्ट म्हणजे दुधाची पिशवी, आणि ती त्याची बायको नीलम दातानं फाडायची.

पण कंपनीत ट्रेकिंगचा ग्रुप निघाला. पहिल्याच ट्रेकला गडावर पोचल्यावर एका असिस्टंट मॅनेजरनं कमरेच्या चामडी म्यानातून एक सुरी काढली. वीतभर असेल-नसेल, पण पातं जाड, मिटायची भानगड नाही, एकदम रुबाबदार. "हातानं बनवलेली आहे, बाहेरच्या देशातून मागवली," असं म्हणून त्यानं त्या सुरीनं काकडी कापली, आणि सगळे म्हणाले, "वा!" आता ती काकडी सत्यजीतनं आणली होती. घरून धुऊन, पुसून, तिखट-मिठाच्या पुडीसकट. काकडीला कुणी वा म्हणालं नाही. तेच त्याला लागलं.

"त्यात काय, अशी मीसुद्धा बनवीन," तो म्हणाला. असली वाक्यं माणसानं एकट्यानं, घरी, तोंड धुताना म्हणावीत. त्यानं अख्ख्या ग्रुपसमोर म्हटलं.

सोसायटीत ही बातमी पहिल्यांदा लागली हौसरावांना. हौसराव समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. पाटबंधारे खात्यातून रिटायर झाल्यापासून पाण्याऐवजी सल्ल्याचं आवर्तन सोडतात, आणि ते कालव्याच्या टेलपर्यंत, शेवटच्या टोकापर्यंत, पोचतं. ते म्हणाले, "पाटा घ्या. उसाच्या ट्रॉलीच्या स्प्रिंगचा मोडका पाटा. कोयते त्याचेच करतात. तसलं लोखंड न्हाई कुठं." म्हणून सत्यजीतनं बायपासच्या भंगारवाल्याकडून पाट्याचा तुकडा आणला आणि भाड्याचा ग्राइंडर घेऊन गच्चीवर बसला. गच्चीवर हौसरावांच्याच बायकोच्या, सुरेखाकाकूंच्या, कुरडया वाळत होत्या. ठिणग्या कुठं जाव्यात यावर सत्यजीतचा काहीच ताबा नव्हता. त्या कुरडया अजूनही तळल्यावर लोखंडासारख्या लागतात, असं काकू प्रत्येक पाहुण्याला सांगतात, आणि मग आवर्जून वाढतात.

मग पातं तापवायचं आलं. जुन्या शेगडीत कोळसे टाकले आणि भात्याच्या जागी नीलमचा हेअर ड्रायर लावला. ड्रायरनं थोडा वेळ प्रामाणिकपणे काम केलं आणि जीव सोडला. पातं लाल झालं तसं सत्यजीतनं ते तेलात बुडवलं. तेल शेंगदाण्याचं, डबा नीलमचा, आणि जो भडका उडाला त्यात उजवी भुवई गेली. ती परत येईपर्यंत त्याच्या चेहऱ्यावर कायम आश्चर्य असायचं. मीटिंगमध्ये साहेब म्हणायचे, "कोहकडे, यात आश्चर्य वाटण्यासारखं काय आहे?"

पहिलं पातं केळ्यासारखं वाकलं. दुसरं बऱ्यापैकी सरळ निघालं. आता राहिली मूठ. मुठीला शिसव पाहिजे होतं, आणि घरात शिसवाची एकच वस्तू होती: लाटणं. नीलमच्या लग्नात तिच्या आत्यानं, साखरबाईंनी, रुखवतात दिलेलं. त्यांच्या शेतातल्या शिसवाचं, दोन्ही टोकांना बारीक पितळी कडं बसवलेलं. सत्यजीतनं ते हातात घेतलं, ते मुठीत काय सुंदर बसलं! नीलम बाजारात गेली होती. बाई परत येईस्तोवर लाटण्याचे दोन भाग झाले होते. एकात पात्याचं शेपूट घुसलं आणि दुसरा भाग कचऱ्याच्या गाडीत गेला.

मूठ ओळखू येऊ नये म्हणून तिच्यावर हिरवी नायलॉनची दोरी घट्ट गुंडाळली. ट्रेकवाले तशी गुंडाळतातच. मग घरात लाटण्याचा शोध सुरू झाला. "लाटणं हरवतं कसं?" नीलम विचारायची. "तेच म्हणतो मी," सत्यजीत म्हणायचा, आणि बॅटरी घेऊन तिच्याबरोबर शोधायचा. एकदा तर फ्रिजखाली त्याला तिचं जुनं कानातलं सापडलं. नीलम म्हणाली, "तुम्ही शोधता मात्र मनापासून." त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. पण बोलला का? नाही बोलला. चपात्या काचेच्या बाटलीनं लाटल्या गेल्या.

सुरीचा फोटो त्यानं ग्रुपवर टाकला. असिस्टंट मॅनेजरचं उत्तर आलं, "छान. किचनसाठी का?"

त्यात हौसरावांनी नवीन आवर्तन सोडलं. "परवाना काढला का? हत्यार हाय ते. उद्या नाकाबंदीत सापडलं तर नोकरी जाईल." सत्यजीत कायद्याला भिणारा माणूस. सुट्टीच्या दिवशी सुरी वर्तमानपत्रात गुंडाळून तो पोलीस ठाण्यात गेला, टेबलावर पुडकं ठेवलं आणि म्हणाला, "साहेब, मी सुरी घेऊन आलोय."

हवालदार चहा पीत होते. त्यांनी कप सावकाश खाली ठेवला आणि आईच्या मायेनं म्हणाले, "बसा. पाणी घ्या. कुणाला मारली?"

"कुणाला नाही, साहेब."

"घाबरू नका. सांगितलं की हलकं वाटतं. बायको कुठं हाय तुमची?"

"माहेरी."

हे ऐकल्याबरोबर आणखी दोघं उठून दाराशी उभे राहिले. नीलम खरोखरच माहेरी, भांडगावला गेली होती, धाकट्या भावाच्या लग्नाचा बस्ता बांधायला. शेवटी हवालदारांनी तिला फोन लावला. "ताई, बऱ्या हाय ना तुम्ही?" पलीकडून आवाज आला, "मी बरीय. ह्यांनी काय केलं आता?" त्या 'आता'वर सगळं ठाणं हसलं. मग पुडकं उघडलं. हवालदारांनी सुरी उलटीसुलटी केली. "साधं लोखंड हाय की. आवो, याच्यापेक्षा मोठी भाजीवाल्याकडं असती. न्या घरी, कांदं चिरा." परत देता देता त्यांनी त्या सुरीनं एक पेरूही कापून बघितला. पेरू धड कापला गेला नाही.

साधं लोखंड! घरी येईपर्यंत ते शब्द कानात घणघणत होते. भुवई गेली, ड्रायर गेला, लाटणं गेलं, आणि झालं काय, तर साधं लोखंड.

अशा मनःस्थितीत तो भांडगावला मेहुण्याच्या हळदीला गेला, कमरेला सुरी लावून. माणूस लग्नाला सुरी लावून का जातो, हे विचारू नका. तिथं मारुतरावांनी ती हातात घेतली. हे नवरदेवाचे मामा, गावच्या विकास सोसायटीचे माजी चेअरमन. माजी झाल्यापासून जास्तच चेअरमन. त्यांनी पात्यावर नखानं टिचकी मारली आणि विचारलं, "लोखंडाची का?"

हवालदाराचाच सूर होता तो. सत्यजीतच्या तोंडून आपोआप निघून गेलं, "छे छे, मामा! स्पेशल स्टील आहे. विमानाच्या पंख्याला वापरतात ते. आमच्या कंपनीत येतं. जन्मात गंजायचं नाही, डाग पडायचा नाही."

"विमानाचं?" मारुतराव म्हणाले, आणि सुरी एकदम दोन हातांत धरली. अंगणभर बातमी झाली. सासऱ्यांनी, कोंडिबांनी, हात पुसून ती बघितली. सासूबाई भामाबाईंनी लांबूनच तिला नमस्कार केला. त्या दिवशी सत्यजीत भांडगावात दोन इंच उंच चालला.

आता आपल्याकडं हळद लागली की नवरदेवाच्या हातात कट्यार देतात आणि तिच्या टोकाला लिंबू खोचतात. नजर लागू नये म्हणून. लग्न लागेपर्यंत ती सोडायची नाही, झोपताना उशाला घ्यायची. कोंडिबांच्या भावकीत अशी एक जुनी कट्यार होती, प्रत्येक लग्नात फिरणारी. पण त्याच मुहूर्तावर भावकीतलं दुसरं लग्न पाटसला होतं आणि कट्यार तिकडं गेली होती. हे लक्षात कधी यावं? हळद कालवून झाल्यावर. कोंडिबा कपाळाला हात लावून बसले.

"त्यात काय एवढं?" नवरदेव माऊली म्हणाला. "दाजींची हाय की. विमानाची."

सत्यजीतनं कमरेची सुरी काढली ती अशी, की बघणाऱ्याला वाटावं लढाईच लागलीय. टोकाला लिंबू बसलं. हळद सुरू झाली. एकेक सवाष्ण येऊन हळद लावून गेली, पण साखरबाई मांडवाच्या मेढीला टेकून मागंच उभ्या होत्या. कोंडिबांची ही थोरली बहीण, वडगाव रासाईची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. भामाबाई आजारी असायच्या तेव्हा माऊलीला लहानाचं मोठं तिनंच केलेलं.

माऊली पाटावरून ओरडला, "आत्या, तू हळद लावल्याबिगर मी उठत न्हाई."

"आरं, मला चालत न्हाई बाळा."

"कुणाला चालत न्हाई? मला चालतंय." आणि नीलमनं आत्याला हाताला धरून पुढं आणलं. साखरबाईंनी त्याच्या गालाला हळद लावली, कानशिलावर बोटं मोडली आणि पदर डोळ्याला लावला. मारुतराव एवढ्या मोठ्यानं खाकरले की वाजंत्रीवाला दचकून थांबला. "रीत म्हंजी रीत असती," ते म्हणाले. कुणी लक्ष दिलं नाही. सत्यजीतला तर फार बरं वाटलं, आपलं सासर कसं सुधारलेलं आहे वगैरे. त्यानं फोटो काढला. फोटोत सुरी झकास आली. आत्या अर्धी बाहेर राहिली.

सकाळी भामाबाई माऊलीला उठवायला गेल्या आणि किंचाळतच बाहेर आल्या. लिंबू काळं पडलं होतं. जिथं टोचलं होतं तिथं डांबरासारखं काळं, त्याचा रस पात्यावरून ओघळून नवरदेवाच्या नव्या बंडीवर काळे ठिपके, आणि सगळं पातं निळं-काळं.

अंगणात माणसं जमली. भामाबाई म्हणाल्या, "लोखंडाची असती तर म्हणलं असतं लोखंडाचं काळं उतरलं. पण ही तर…" आणि त्यांनी जावयाकडं बघितलं. कोंडिबांनी बघितलं, मारुतरावांनी बघितलं, सगळ्या अंगणानं बघितलं.

"जावईबापू, ही विमानाचीच ना?"

बघा, इथं एक शब्द बोलायचा होता. ट्रॉलीचा पाटा आहे, आई, साधं लोखंड. झालं असतं काय? हसले असते लोक, आणि न्याहारीला बसले असते. पण सत्यजीतला दिसली ती काकडी, तो पेरू, 'किचनसाठी का?' विचारणारा तो मॅनेजर. आणि तो म्हणाला, "हो. म्हणजे… हो."

"मग हे स्टीलचं काम न्हाई," मारुतराव म्हणाले. "हे दुसरंच. काल कुणाकुणाचा हात लागला पोराला?"

नाव कुणीच घेतलं नाही. नाव घ्यायची गरजच नव्हती. सगळ्यांच्या माना हळूच रांजणाकडं वळल्या, जिथं साखरबाई हंडा भरत होत्या. त्यांनी हंडा खाली ठेवला, पदर सारखा केला आणि आत निघून गेल्या. "काय बी बोलू नका मामा," माऊली चिडून म्हणाला, पण त्याला आंघोळीला ढकललं. नीलमनं नवऱ्याला बाजूला घेऊन विचारलं, "अहो, खरंच काही होत नाही ना त्या स्टीलला?" तो म्हणाला, "बघतो मी."

बघतो म्हणजे काय, तर सुरी घेऊन मागच्या मोरीत गेला आणि राख आणि नारळाच्या काथ्यानं घासत बसला. कंपनीत दुसऱ्यांच्या मालावर एवढासा डाग दिसला की हा अख्खी पेटी परत पाठवायचा. आता स्वतःचा डाग घासताना त्याला घाम फुटला. पातं चकचकीत झालं, मुठीची दोरी भिजून सुटायला लागली. ताजं लिंबू खोचून त्यानं सुरी माऊलीच्या हातात दिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "झालं, काही नाही." त्याला वाटलं, मिटवलं आपण. पण घासून कोरं केलेलं लोखंड लिंबानं जास्तच लवकर काळं पडतं, हे त्या क्वालिटीवाल्याच्या डोक्यात आलं नाही.

लग्न हायवेवरच्या लॉन्सवर होतं. साखरबाई शेवटच्या जीपमध्ये, सगळ्यांच्या मागं बसून आल्या आणि लांब एका कोपऱ्यात उभ्या राहिल्या. पण नवरदेव घोड्यावरून उतरला तो तडक त्यांच्याकडं गेला आणि पायाला वाकला. त्या "नगं, नगं" म्हणत मागं सरकत होत्या. तो उठला तेव्हा मारुतरावांची नजर लिंबावर गेली.

"बघा! आता बघा! दुसरं बी काळं!"

वाजंत्री थांबली. वधूकडचे लोकही बघायला लागले. कुणीतरी म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "बया, बया!" साखरबाईंनी पदर तोंडावर घेतला. मारुतरावांनी हुकूम सोडला, "ही सुरी आधी मांडवाभायेर काढा," आणि आचाऱ्याकडून एक स्टीलची सुरी आली. सत्यजीतची सुरी त्याच्याच हातात परत आली. तो ती रुमालात गुंडाळून उभा राहिला. सकाळी एकदा त्यानं बाईवर संशय येऊ दिला होता. आता दुसऱ्यांदा, स्वतःच्या हातानं घासूनपुसून, तिच्यावर शिक्काच मारला होता. जमीन दुभंगेल तर बरं, असं वाटलं त्याला, पण लॉन्सवर सगळीकडं कार्पेट घातलं होतं.

थोड्या वेळानं पार्किंगमध्ये त्याच्या मागून आवाज आला. साखरबाई पिशवी घेऊन उभ्या होत्या.

"जावईबापू, तुमची गाडी मोकळी हाय ना? मला तेवढं चौफुल्याला सोडा. तिथनं न्हावऱ्याकडची गाडी मिळती. कुणाला सांगू नगा, उगं गाजावाजा नगं."

नाही म्हणायला तोंड पाहिजे. त्यानं दार उघडलं. म्हणजे बाईला बदनाम करून, वर तिला हाकलून द्यायला ड्रायव्हरही हाच. गाडी हायवेला लागली. सुरी त्यानं समोर ठेवली होती. पहिल्याच ब्रेकला ती घसरून आत्याच्या मांडीवर आली. त्यांनी ती तशीच धरून ठेवली, सुटलेली दोरी बोटानं चाचपत.

"मलाच कळाय पायजे हुतं," त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "पोरानं हट्ट केला म्हणून मी कशाला फुडं झाले? मारुतरावांचा राग न्हाई मला. माणसं बोलत्यात. पण लिंबू कशाला खोटं बोलंल, जावईबापू? दोनदा काळं पडलं. मला वाटतंय, आसंलच माझ्यात काहीतरी."

सत्यजीतनं गाडी कडेला घेतली. मागून ट्रकवाल्यानं शिवी हासडली, ती त्याला योग्यच वाटली.

"आत्या, लिंबू नाही खोटं बोललं. मी बोललो. विमानाचं स्टील-बिल काही नाही. उसाच्या ट्रॉलीचा पाटा आहे तो. साधं लोखंड."

साखरबाईंनी सुरीकडं बघितलं, मग त्याच्याकडं.

"मग तिथं का न्हाई बोलला?"

"लाज वाटली."

"तुम्हाला लाज वाटली," त्या म्हणाल्या. त्यात राग नव्हता, रस्ता विचारल्यासारखं विचारलं त्यांनी. "मग मला काय वाटलं आसंल?"

त्यानं गाडी चालू केली. आता वळायचं तर डिव्हायडर संपता संपेना. लाज वाटलेल्या माणसाला लगेच वळता यावं अशी सोय हायवेवर कुणी ठेवलेली नाही. "ऱ्हाऊ द्या, लगीन लागून जाईल," आत्या म्हणत होत्या. "लागू दे," तो म्हणाला, आणि एकदाचा वळला.

लॉन्सवर अंतरपाट धरला होता. एक माणूस माइकवरून पाहुण्यांचं स्वागत करत होता, "माजी चेअरमन मारुतरावजी यांचंही शुभागमन झालेलं आहे." सत्यजीतनं आत्याला हाताला धरून मधल्या वाटेनं नेलं, त्या माणसाच्या हातातून माइक घेतला आणि बोलायला गेला तर माइक किंचाळला. सगळे वळले. नीलमनं डोळे मिटून घेतले.

"नमस्कार. मी सत्यजीत कोहकडे. कोंडिबांचा जावई. सकाळपासून जी सुरी काळी पडतीय, ती… ती विमानाची नाही. ट्रॉलीच्या पाट्याची आहे. भंगारातून आणलीय. मी खोटं बोललो. साखरआत्यांचा काही संबंध नाही. दुसरं लिंबूपण मीच खोचलं. माफ करा." आणि काय बोलावं ते न सुचल्यामुळं त्यानं शेवटी म्हटलं, "जेवल्याशिवाय कुणी जाऊ नये."

मग भामाबाई ताडकन उठल्या. "म्हंजी लोखंड? साधं लोखंड? आवो मग काळं पडणारच की! माझी विळी कैरी चिरताना रोज काळी पडती, मग तिला काय रोज नजर लागती व्हय?" आणि हसायला जी सुरुवात झाली ती आचाऱ्याच्या चुलीपर्यंत गेली. वधूकडची माणसं हसली, घोडेवाला हसला. भटजींनी अंतरपाट खाली सोडून हसून घेतलं. मारुतराव मात्र गंभीरपणे म्हणाले, "मी कालच टिचकी मारून म्हणलं हुतं. लोखंडाची का म्हणून."

हसू थांबलं ते भामाबाईंच्या रडण्यानं. त्या नणंदेच्या गळ्यात पडल्या होत्या. "मी बी तसंच समजले ओ वन्सं," एवढंच म्हणत होत्या. कोंडिबा बहिणीसमोर हात जोडून उभे होते. माऊली पाटावरून पुढं आला, आचाऱ्याची सुरी त्यानं बाजूला टाकली आणि हात पुढं केला. "आत्या, मला तीच पायजे. आन् लिंबू तू खोच."

साखरबाईंनी नवं लिंबू घेतलं, सत्यजीतनं पुढं केलेल्या सुरीच्या टोकाला नीट बसवलं, आणि सुरी त्याच्या हातात देण्याआधी मुठीची सुटलेली हिरवी दोरी घट्ट गुंडाळायला लागल्या. सत्यजीत शेजारीच उभा होता. दोरीच्या खाली शिसवाचं लाकूड दिसत होतं, आणि टोकाला ते बारीक पितळी कडं. साखरबाईंचा अंगठा त्या कड्यावर येऊन थांबला. त्यांनी मान वर केली आणि जावयाकडं नुसतं बघितलं.

तेवढ्यात नीलम जवळ आली. नवऱ्याकडं ती अजून बघत नव्हती. "आत्या, आतली मूठ कसल्या लाकडाची आहे गं? जुनं वाटतंय."

साखरबाईंनी दोरीचा शेवटचा वेढा त्या कड्यावर घेतला आणि गाठ मारली. "आसंल त्यांच्या कंपनीचं कायतरी," त्या म्हणाल्या.

ते ऐकलं आणि सत्यजीतच्या कानापर्यंत लाजेनं आग झाली. अख्खं गाव हसलं तेव्हा झाली नव्हती एवढी. सकाळी ह्या बाईसाठी एक शब्द खरा बोलायचा होता, तो याच्यानं निघाला नाही, आणि ती याच्यासाठी, याचंच खोटं, पदरात झाकून बोलून गेली होती. गप्प बसला असता तर सुटला असता. भटजी "सावधान" म्हणायच्या तयारीत होते.

"लाटणं आहे ते," तो म्हणाला.

"काय?" नीलम म्हणाली.

"तुझं लाटणं. आत्यांनी दिलेलं. मीच कापलं. ड्रायरपण मीच जाळला. आणि फ्रिजखाली मी ते शोधत नव्हतो, मला माहीत होतं तिथं नाही ते. आणि तेल…"

"आवो पुरं!" साखरबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "एकदा खरं बोलाय लागलं की थांबायचंच न्हाई व्हय तुम्ही? पोराचं लगीन तरी लागू द्या!"